खरेदीचे शब्द, विक्रीचे शब्द

नसीम,

परवा सना म्हणाली, "आय अ‍ॅम जस्ट स्लिम, अब्बा. रिलॅक्स." मी डाळीचं पातेलं शेगडीवरून उतरवत होतो. एसी चालू असताना मला दरदरून घाम फुटला. पातेलं ओट्यावर टेकवून तिच्याकडे वळलो.

कारण हाच शब्द, याच ओट्यापाशी, याच सुरात मी आधी ऐकलेला आहे. तू मागे वळून म्हणाली होतीस, "बघा ना शेठ, किती स्लिम झालेय. तुमचं लक्षच नसतं." दुबईतल्या रास अल खोरच्या भाजीबाजारात ज्याला फसवायची कोणाची हिंमत होत नाही तो मी, तुझ्याकडे बघून हसलो आणि म्हणालो, "मस्त दिसतेस." पेटी न उघडता, खालचा थर न बघता माल घेतला. आयुष्यात एकदाच.

तू गेल्याला अजून चाळीस दिवस झाले नाहीत, चाळिसावा व्हायचा आहे. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आपल्या घराच्या छोट्या हॉलमध्ये माणसं येतात, दुआ करतात, तुझ्या शाळेतल्या टीचर रडतात. मी सगळ्यांना चहा देतो. सगळे म्हणतात, भाईंनी किती धीराने घेतलं. त्यांना काय माहीत, माझं तुझ्याशी भांडण चालू आहे. ते चारचौघांत काढता येत नाही म्हणून लिहायला बसलो. आणि भांडणाच्या खाली जी भीती आहे ती तर तुझ्याशिवाय कोणाला सांगूही शकत नाही.

तुला गाजरांचा दिवस आठवतो का? लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मी तेव्हा नुकताच स्वतःचा गाळा घेतला होता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पेट्या उचलून पाठ मोडलेली, शिक्षण दहावीपर्यंत, इंग्रजी बाजारात ऐकून ऐकून शिकलेलं. एका हॉटेलचा लेबनानी खरेदीवाला रोज यायचा, गाजर उचलायचा आणि तोंड वाकडं करायचा. "टू स्किनी, हबीबी." त्या एका शब्दावर तो माझा भाव पाडायचा, आणि माझ्याकडे त्याला परत मारायला शब्दच नव्हता. घरी येऊन मी तुझ्यावर चिडलो. तू बी.एड. झालेली, ऊद मेथातल्या शाळेत इंग्रजी शिकवणारी, आणि नवरा रोज एका शब्दाने मार खातोय!

तू हसली नाहीस. पिशवीतली भाजी काढून ओट्यावर मांडलीस. भेंडी पुढे केलीस. "ही स्लिम. बारीक आहे आणि त्यात छान दिसते." मग कोवळी फरसबी. "ही स्लेंडर. स्लिमपेक्षा जरा नाजूक, डौलदार. कवी लोक वापरतात." शेवग्याची शेंग उचलून माझ्या डोक्याशी धरलीस. "ही लँकी. उंच, लांबलचक, हातपाय कुठे ठेवायचे ते कळत नाही अशी. लग्नातल्या फोटोत तुम्ही." खिम्याच्या पिशवीवर बोट ठेवलंस, "हे लीन. चरबी नाही, पण ताकद आहे. पहिलवानाला म्हणतात." तळाशी एक सुकलेलं, वाकडं गाजर सापडलं, ते माझ्या हातात दिलंस. "हे स्क्रॉनी. वाढच झाली नाही बिचाऱ्याची. स्किनीपेक्षा वाईट. त्या लेबनानी माणसाला हा शब्द सांगू नका."

मी म्हणालो, "म्हणजे गाजर एकच. घेणारा स्किनी म्हणतो, विकणारा स्लेंडर."

तू माझ्या हातातलं गाजर काढून घेतलंस. "शेठ, हे आमच्या पुस्तकात इतकं सोपं करून नाही सांगितलेलं."

"अगं सोपंच आहे. काही शब्द खरेदीचे, काही विक्रीचे."

दुसऱ्या दिवशी त्याने गाजर उचललं. "टू स्किनी."

मी म्हणालो, "नो स्किनी. स्लेंडर. लाइक युवर वाइफ."

त्याने गाजर परत पेटीत टाकलं. मला वाटलं, आता मारतो. मग पोट धरून हसायला लागला. "माय वाइफ? हबीबी, यू डोन्ट नो माय वाइफ!" आणि म्हणाला, "खलास, लोड इट." तू ते ऐकून इतकी हसलीस की डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवसापासून आपल्या घरात हा खेळ सुरू झाला. टीव्हीवर कोणी दिसलं, की तू विचारायचीस, "खरेदी की विक्री?" वर्गातही तू मुलांना हेच शिकवायला लागलीस. मुलांना म्हणे फार आवडायचं. माझं नाव मात्र तिथे कधी घेतलं नाहीस. शाळेच्या गॅदरिंगला मी आलो तेव्हा तुझ्या प्रिन्सिपलबाईंना तू सांगितलंस, "ही इज इन फूड ट्रेडिंग." मी गाडीत बसल्यावर म्हणालो होतो, "भाजीवाला म्हण ना, लाज वाटते?" तू म्हणालीस, "तुम्हीच शिकवलंत. विक्रीचा शब्द." त्यावर मी दार आपटलं होतं. अजूनही मला तो राग आहे, हे तुला माहीत असावं.

पण एका शब्दावर आपलं कधीच जमलं नाही. थिन. तू म्हणायचीस, हा कोणाच्याच बाजूचा नाही, नुसता आहे ते सांगतो. मी म्हणायचो, असा शब्दच नसतो. माणूस तोंड उघडतो ते एकतर घ्यायला किंवा विकायला. एकदा तू म्हणालीस, "तुमच्या अम्मांनी लग्नाआधी मामूंना सांगितलं, मुलगी शेलाटी आहे. लग्नानंतर शेजारणीला सांगितलं, काडी आणलीय घरात. मी तीच. पण माझ्या बापाने मला पाठवणीच्या दिवशी जवळ घेतलं आणि म्हणाला, 'बारीक आहेस गं.' तो काय विकत होता?" मी म्हणालो होतो, "नंतर सांगतो." ते नंतर आलंच नाही.

आणि गॉन्ट. तो शब्द तू कुठल्याच भाजीला लावला नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, "त्याला भाजी नाही. तो चेहऱ्याचा शब्द आहे. भुकेने, आजाराने नाहीतर काळजीने माणसाला आतून खाल्लं, की गाल बसतात, डोळे मोठे दिसायला लागतात. त्याची चेष्टा करायची नाही." मी बरं म्हटलं. मला काय ठाऊक, तू मला कशाची ओळख करून देत होतीस.

आता माझी तक्रार ऐक. मध्ये बोलू नकोस.

तू मला खोटं विकलंस. माझाच धंदा वापरून विकलंस. मी पहाटेआधी बाजारात जातो, दुपारी येऊन आडवा होतो, तुला संध्याकाळी दिव्याच्या उजेडात बघतो, हे तुला पक्कं माहीत होतं. तू सैल कुर्ते घालायला लागलीस. जेवायला बसलं की म्हणायचीस, "शाळेत जेवले." ईदला सगळ्या बायका तुझ्याभोवती जमल्या, "काय गं, कसली स्लिम झालीयेस, सिक्रेट सांग!" तू सांगितलंस, "बागेत चालते." मी शेजारी सांदणांची ताटली घेऊन उभा होतो. मला अभिमान वाटला, नसीम! तुझ्या अंगठीला दोरा गुंडाळलेला दिसला तेव्हा मी विचारलं. तू म्हणालीस, "साबणाने निसटते हो." कोणी माझ्या गाळ्यावर येऊन एवढं कच्चं कारण दिलं असतं तर मी त्याला रस्त्यापर्यंत हाकलला असता.

तिकडे रत्नागिरीत तुझ्या बहिणीला, रुबिनाला माहीत होतं. तिला फोनवर सगळं सांगायचीस. डॉक्टरला माहीत होतं. शाळेतल्या एका टीचरला माहीत होतं. तुझ्या पोटातल्या आजाराचं मला शेवटी कळलं ते हॉस्पिटलच्या खोलीत. डॉक्टरबाई तुझ्याशी भरभर इंग्रजीत बोलत होत्या आणि त्यातला एक शब्द माझ्या कानात अडकला. वेस्टिंग. आमच्या बाजारात संध्याकाळी वेस्ट म्हणजे जे कोणी फुकटही नेत नाही ते, डब्यात जातं ते. मी त्या बाईवर ओरडलो. "माझी बायको आहे ती! कोणाला वेस्ट म्हणता?" नर्स धावत आल्या. तू उशीवरून हात उचललास, एवढासा हात, आणि आपल्या भाषेत म्हणालीस, "अहो, शब्द बरोबर आहे त्यांचा. अंग झिजतं, त्याला म्हणतात. भांडू नका."

नंतर मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. तू म्हणालीस, "तुम्ही घासाघीस केली असती. डॉक्टरशी, माझ्याशी, अल्लाशी. मला ती बघवली नसती."

केली असतीच! दुसरं येतं काय मला? त्याच्यावरच तर हे घर उभं राहिलं. घरभाडं, सनाची शाळा, हा ओटा, सगळं मी माणसांशी वाद घालूनच आणलं. एका आजाराशी वाद घालायची संधी तू मला दिली नाहीस. मी तुला माफ करायचा प्रयत्न करतो. सकाळी जमतं, दुपारी पुन्हा नाही.

तरीही काल कपाट आवरताना तुझ्या पर्समध्ये कच्च्या कैरीच्या गोळ्या सापडल्या आणि मी जमिनीवर बसलो. तुझ्याआधी मला घरी येऊन दिवस सांगायला कोणी नव्हतं. तू मला शब्द दिलेस, त्याच्याही आधी ऐकणारं माणूस दिलंस. हे मी तुला कधी म्हणालो नाही. आता म्हणतो. उशीर झाला, तर झाला.

पण आता सनाचं ऐक, कारण मला भीती वाटते. खरंच भीती वाटते, नसीम. छातीवर कोणीतरी ओली गोणी ठेवल्यासारखी.

तू गेल्यापासून ती काळी जाडी हुडी घालून फिरते. दुबईच्या उन्हाळ्यात! म्हणते, एसी थंड आहे. जेवायला बोलावलं की, "आय एट इन स्कूल." नसीम, अगदी तुझंच वाक्य, फक्त इंग्रजीत. ताटात भात इकडून तिकडे सरकवते, मी उठून पाणी आणायला गेलो की ताट रिकामं होतं आणि कचऱ्याच्या पिशवीत टिश्यूंचा गोळा दिसतो. तुझी अंगठी तिने घातलीय, तुझ्या दोऱ्यासकट. अंगठ्यात. तिथेही सैल फिरते. मी काही बोललो की डोळे फिरवते, "अब्बा, एव्हरीबडी वॉन्ट्स टू बी स्लिम." परवा ती खिडकीशी उभी होती, उजेड मागून येत होता, आणि मला तिच्या गालाखाली ती सावली दिसली. ज्या शब्दाला तू भाजी लावली नव्हतीस तो.

मला कळेना, हे दुःख आहे, का हल्लीच्या मुलींचं वेड आहे, का तुझ्या पोटात होतं तेच तिच्या पोटात बसलंय. तू असतीस तर एका नजरेत नेमका शब्द सांगितला असतास. मला फक्त दोनच बाजू कळतात, आणि ती विक्रीचे शब्द इतके सफाईने बोलते की मला तुझाच आवाज ऐकू येतो. रुबिनाला फोन केला. ती म्हणाली, "डॉक्टरकडे ने तिला." सनाला सांगितलं तर तिने खोलीचं दार लावून घेतलं. मी बाहेरून ओरडलो. मग बाहेरच बसून राहिलो.

मग मला जे येतं ते मी केलं. शनिवारी सकाळी म्हटलं, "चल गाळ्यावर, बिलं करायला मदत कर." आली. तोंड पाडून, पण आली. गर्दी ओसरली होती. मी इकडचं तिकडचं बोलत तिला मोठ्या काट्यापाशी आणलं, जिथे आपण बटाट्याच्या गोण्या तोलतो. ती थांबली.

"अब्बा, आय नो व्हॉट यू आर डूइंग."

"काय करतोय?"

"यू वॉन्ट टू वे मी. लाइक पोटॅटोज."

"बटाट्याला मी एवढं घाबरत नाही," मी म्हणालो. माझा आवाज फुटला असावा, कारण तिने माझ्याकडे नीट बघितलं. बऱ्याच दिवसांनी.

मग हाताची घडी घालून म्हणाली, "यू फर्स्ट."

माझीच पोर. समोरच्याला आधी भाव बोलायला लावायचा. मी चढायला गेलो तर तिने थांबवलं. "फोन. कीज. वॉलेट. शूज. एव्हरीथिंग आउट. यू ऑनली से, फर्स्ट मायनस द एम्प्टी क्रेट." मी सगळं काढून फळ्यांवर ठेवलं आणि काट्यावर उभा राहिलो. आकडा उलटा दिसत होता मला. तिने वाचला. पुन्हा वाचला. गेल्या वर्षी तुम्ही दोघी आला होतात, एकमेकींना काट्यावर चढवून हसत होतात, मलाही चढवलं होतं, आठवतं? तिला तो आकडा पाठ होता. मी तुला इथे दोन्ही आकडे लिहीत नाही. तू नेहमी म्हणायचीस, भाव नका सांगू, माल सांगा.

तर माल सांगतो. माझा पट्टा मी चाकूने भोक पाडून आवळलेला होता, हे तिला शर्ट वर झाल्यावर दिसलं. आपला चेहरा आरशात मी किती दिवसांत बघितला नव्हता. ती बघत होती रोज, आणि मी तिला बघत होतो, आणि दोघं एकमेकांना सांगत होतो, मी बाहेर जेवलो. नसीम, मीही तिला हेच सांगत होतो. गाळ्यावर खाल्लं, असं. तिने जेवावं म्हणून ते खोटं नव्हतं, मला घासच जात नव्हता.

तिने हुडी डोक्यावरून काढली. आतल्या टी-शर्टमध्ये तिचे खांदे दिसले आणि मी नजर फिरवणार होतो, पण फिरवली नाही. चपला काढल्या. मला हाताने खाली उतरवलं आणि स्वतः चढली. आकडा आला. आम्ही दोघांनी तो वाचला.

मग ती म्हणाली, "अब्बा, यू आर थिन."

चेष्टा नाही, कौतुक नाही, तक्रारही नाही. आणि मग इतकी वर्षं माझ्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी ही पोर आपल्या भाषेत म्हणाली, "मी पण."

तू जिंकलीस, नसीम. असा शब्द असतो. कोणाच्याच बाजूचा नाही. तुझ्या बापाने तुला जवळ घेऊन म्हटला होता तोच. तो इतका भीतिदायक असतो हे मात्र तू सांगितलं नव्हतंस. स्किनी म्हटलं की मी भांडू शकतो. थिनशी भांडता येत नाही. तो काट्यासारखा समोर उभा राहतो.

समोरच्या पेटीत पेरू होते. मी एक धुतला, कापला. ती म्हणाली, "वन फॉर यू, वन फॉर मी. यू स्टॉप, आय स्टॉप." आयुष्यात पहिल्यांदा कोणी बोललेला पहिला भाव मी तसाच मान्य केला. पहिली फोड दोघांनी बराच वेळ चावली. मग गेली. डॉक्टरकडे जायचीही तिची अट तीच होती: दोघांनी जायचं, दोघांनी रक्त द्यायचं, आणि आत कोणी काहीही म्हटलं तरी मी ओरडायचं नाही. मी हो म्हटलं. यल्ला, अब्बा, चला, म्हणाली आणि माझ्या चाव्या माझ्या हातात दिल्या.

उद्या सकाळी जायचं आहे. गाळा उघडणार नाही. त्याच हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये चढायचं आहे. तिथे डॉक्टरबाई सनाशी भरभर इंग्रजीत बोलतील. शब्द मला कळला नाही तर उशीवरून हात उचलून सांगायला तू नाहीस. सना सांगेल. मला तिच्याकडून खरा शब्द हवा आहे, आणि तो ऐकायची हिंमत माझ्यात आहे की नाही, मला माहीत नाही.

डॉक्टरशी मी भांडणार नाही. तिला शब्द दिलाय. पण तू मला ज्याच्याशी घासाघीस करू दिली नाहीस, त्या अल्लाशी मी आजपासून सुरू केली आहे. गुस्ताखी असेल तर तिथे जवळ आहेस तू, माझ्या वतीने माफी माग. मी त्याला सांगितलंय, नसीमला नेलंस ते मला अजून मान्य नाही, त्याचा हिशेब आपण भेटल्यावर करू. पण हिला हात लावायचा नाही. माझं जे काही वजन उरलंय ते काट्यावर आहे, हवं तर ते घे. याच्या खाली मी उतरणार नाही.

तू म्हणशील, अहो, भांडू नका.

म्हण ना. एकदा म्हण.